आमची काही तक्रार नाही

यंदा शाळेला वरची श्रेणी मिळणार म्हणजे मिळणारच, असं आम्रपालीबाईंनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात एवढा भरवसा होता की चेतन सरांनी मोबाइल खाली ठेवला. एरवी चेतन सर मोबाइल खाली ठेवतात तो फक्त चार्जिंगला लावायला.

कात्रजच्या मागच्या अंगाला असलेली ही सरकारी शाळा सातवीपर्यंतची. आठवीचा वर्ग द्या, आठवीचा वर्ग द्या, असं म्हणता म्हणता मुख्याध्यापिका आम्रपाली ओव्हाळ यांचे केस पिकले, मेंदी लागली, मेंदी उतरली. शेवटी वरून उत्तर आलं, की यंदाच्या मूल्यांकनात वरची श्रेणी आणा, आठवी घ्या.

बाईंना घाई होती ती शहजादीची. पोरगी सातवीत. हुशार इतकी, की तास संपला की फळा पुसायच्या आधी विचारायची, "बाई, पुढचा धडा कधी?" पण आठवीची शाळा कात्रज चौकापलीकडे, आणि तिचे वडील खालिदभाई तिला तिकडे पाठवायला तयार नव्हते. माणूस मुलीच्या शिक्षणाच्या आड येणारा नव्हे. "बाई, मी त्याच चौकातून टेम्पो चालवतो," ते म्हणाले, "म्हणून तर भीती वाटते." म्हणजे आठवी इथे आली तर शहजादी शिकणार, नाहीतर आईबरोबर साड्यांना फॉल लावत बसणार.

तयारी जोरात सुरू झाली. भिंती रंगल्या, कुंड्या रंगल्या, वाटेत आलेली दारं रंगली. कुठेही टेकायची सोय राहिली नाही. मूल्यांकनाच्या साहेबांची भेट उद्यावर आली आणि चेतन सरांना मूल्यांकनाच्या ॲपमध्ये एक रकाना दिसला.

"बाई, इथे लोचा आहे. पालकांच्या तक्रारी आणि त्यांचं निवारण. पुरावा अपलोड करायचा."

"आपल्याकडे तक्रारच नाही."

"तोच प्रॉब्लेम आहे. तक्रार नाही म्हणजे तक्रार ऐकायची यंत्रणा नाही. म्हणजे झीरो."

बाईंनी तक्रारपेटी उघडायला लावली. आत पाल होती. तिचीही काही तक्रार नव्हती.

पुण्यात तक्रार करायला माणूस मिळत नाही, असं सांगितलं तर पुण्यात कुणाचा विश्वास बसणार नाही. पण बाईंवर ती वेळ आली. दुपारी त्यांनी ओळखीचे पालक बोलावले आणि हात जोडून म्हणाल्या, "एक तक्रार द्या हो कुणीतरी."

पालक एकमेकांकडे बघू लागले. शहजादीची आई मेहनाज म्हणाली, "तुमच्याविरुद्ध? खालिदला कळलं तर आज चूल मला घराबाहेर मांडावी लागेल."

"माझ्याविरुद्ध नाही गं, शाळेविरुद्ध. गेनबा, तुम्ही नळाची करा."

गेनबांची नात तिसरीत होती. ते म्हणाले, "नळ तर तुम्ही मागच्या म्हयन्यात नीट केला की."

"म्हणून तर. तुमची तक्रार, आमचं निवारण."

"झाल्या कामाची तक्रार करू? बाई, मला गावात तोंड दाखवायचं हाय."

बाईंनी परोपरीने समजावलं. साहेब येतील, विचारतील, तेव्हा फक्त म्हणायचं, की नळ गळत होता, आम्ही बोललो, बाईंनी दुरुस्त केला. शाळेचं भलं आहे. तोंड कडू औषध घेतल्यासारखं करून सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेनबा तिथून थेट चहाच्या टपरीवर गेले आणि मन मोकळं केलं. "बाईंच्या शाळेची तक्रार द्यायला सांगत्यात बघा." कोण सांगतंय, हे सांगायच्या आत त्यांचा चहा आला. टपरीने पुढचं स्वतःच जुळवलं. तक्रार द्यायला लावतायत म्हणजे कुणीतरी बाईंच्या मागे लागलंय. उद्या साहेब येतोय म्हणजे चौकशी आहे. संध्याकाळी दूध आणायला गेलेल्या मेहनाजला कळलं, की बाईंची बदली झाली. दुपारी बाई हात जोडत होत्या त्या वरच्या दबावाने, असा अर्थ तिने लावला. अंधार पडेपर्यंत बाई निलंबित झाल्या होत्या. बाई तेव्हा घरी भाकऱ्या थापत होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सकाळी मूल्यांकनाचे साहेब आले. खळदकर त्यांचं नाव. इस्त्री कपड्यांना होती तशीच आवाजालाही.

"सर, चहा?"

"मी चहा प्यायला आलेलो नाही. प्यायचा असता तर घरी बरा मिळतो."

पण माणूस प्रामाणिक होता. तिसरीतली मुलं जोडाक्षरांना अडखळली ते त्यांनी नोंदवलं, आणि सातवीने अपूर्णांक चटाचट सोडवले तेही नोंदवलं. शहजादीने त्यांनाच उलट एक गणित घातलं, ते त्यांनी नोंदवलं नाही. बाई मनातल्या मनात बेरीज करत होत्या. जमत आलं होतं.

"आता पालकांना भेटू," खळदकर म्हणाले.

बाहेर आले तर पटांगण माणसांनी भरलेलं. बाईंनी बोलावले होते त्याच्या कितीतरी पट. पुढे मेहनाज उभी.

"साहेब," ती म्हणाली, "आमची काही तक्रार नाही."

"काहीच नाही?"

"नाही. आणि कुणी दिली असेल तर ती आम्ही मागे घेतो."

खळदकरांच्या पाठीमागून बाईंनी डोळे मोठे केले. मान हलवली. हाताने नळ सोडून दाखवला.

"बघा," मेहनाज कळवळून म्हणाली, "बाईंची काय अवस्था केलीत तुम्ही लोकांनी."

"नळाबद्दल काही म्हणायचंय का कुणाला?" बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "गेनबा?"

गेनबा पुढे झाले. "साहेब, असा नळ उभ्या तालुक्यात न्हाई. कवा गळला न्हाई, कवा गळनार न्हाई."

खळदकरांनी टॅबवर बोट टेकवलं. "मॅडम, एवढी माणसं पढवून आणायला बरेच कष्ट पडले असतील."

"पढवलं होतं ते वेगळंच होतं, सर," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तक्रार नाही, निवारण नाही. इथे शून्य." टॅब ऑफिसच्या टेबलावर ठेवून ते हात धुवायला आत गेले.

बाईंनी बेरीज पुन्हा केली. थोडक्यात गेलं होतं. आठवी गेली होती. मेहनाजने त्यांचा हात धरला. "झालं ना बाई? वाचवलं ना तुम्हाला?" तिचा चेहरा इतका उजळला होता, की बाईंना दुसरं काही म्हणता येईना.

"हो गं," त्या म्हणाल्या. "वाचवलंत."

तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला. मग पुन्हा एकदा. मग, "मॅडम."

ऑफिसला लागून असलेलं ते स्वच्छतागृह. त्याचं दारही बाईंनीच आदल्या दिवशी रंगवून घेतलं होतं, आकाशी रंगात, दोन हात देऊन. ओला रंग चौकटीला असा चिकटला होता, की कडी निघाली तरी दार निघेना. चेतन सरांनी बाहेरून जोर लावला. मूठ त्यांच्या हातात आली.

पटांगणात बातमी पोचली. "बाईंनी साहेबाला कोंडला."

"असू द्या जरा वेळ," कुणीतरी म्हणालं. "निलंबन रद्द करतो म्हणेपर्यंत."

"मॅडम, हा काय प्रकार आहे?" आतला आवाज आता जरा चुरगळला होता. "मी तक्रार करतोय. ऐकू येतंय का? ही माझी तक्रार आहे."

चेतन सरांचे डोळे चमकले. "बाई, कम्प्लेंट आली."

बाई दाराजवळ झाल्या. "सर, तक्रार कशाबद्दल आहे?"

"दाराबद्दल. दुसरं काय आहे इथे?"

"आपण पालक, की इतर?"

आतून दारावर आणखी एक धक्का बसला. मग, "इतर."

"नोंद झाली, सर. निवारण सुरू आहे."

मेहनाजने पिशवीतली फॉल कापायची कात्री काढली आणि चौकटीच्या फटीतून रंग खरवडत नेला. गेनबांनी फटीत बोटं घालून दार ओढलं. दार सुटलं. खळदकर साहेब नेमके आतून ढकलत होते, त्यामुळे ते दाराच्या आधी बाहेर आले. एक बाही पूर्ण आकाशी. लगेच चेतन सरांनी फोटो काढला.

"हे कशाला?"

"पुरावा, सर," बाई नम्रपणे म्हणाल्या. "नियम आपल्याकडचाच आहे."

खळदकरांनी बाहीकडे पाहिलं. पटांगणातल्या गर्दीकडे पाहिलं. कात्रीचा रंग पदराला पुसणाऱ्या मेहनाजकडे पाहिलं. मग टॅब उचलला.

"तक्रार प्राप्त. तत्काळ निवारण. पालकांचा प्रत्यक्ष सहभाग." बोट थांबलं. "तक्रारदार समाधानी आहे का, असं विचारतंय हे."

चेतन सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

"चहा ठेवा," खळदकर म्हणाले, आणि 'होय' दाबलं.

जूनमध्ये आठवीचा वर्ग उघडला. पहिल्याच आठवड्यात शहजादी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तक्रार आहे. आठवीला गणित कोण शिकवणार?"

वर्गाला मंजुरी आली होती. शिक्षकाला आली नव्हती. मागणी केली आहे, असं बाईंनी तिला सांगितलं, पण पोरगी हलेना. शेवटी बाईंनी स्वतःच खडू उचलला. त्यांचं गणित दहावीला कसंबसं सुटलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी ते पुन्हा धरलं नव्हतं.

आता तक्रारींचा रकाना कधी रिकामा नसतो. दर शनिवारी शहजादीची तक्रार येते, गणिताच्या बाईंविरुद्ध.