दोन झाकणांची डबी

मी आबा शेळक्यांची मिठाची डबी चोरली. सरळ चोरली. आबा हात धुवायला मोरीत गेले होते, त्यांचं जाकीट खुंटीला होतं आणि माझा हात जाकिटाच्या खिशात होता. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये' म्हणून छड्या मारलेला हात.

यामागे माझा हेतू उदात्त होता. माझ्या बहुतेक गाढवपणांमागे तो असतोच.

आता आबा कोण, ते सांगतो. उस्मानपुऱ्यात आमच्या घरासमोरचं घर त्यांचं. मूळचे कन्नडकडचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच रिटायर झाले. सडसडीत अंग, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं पान्यासारखं. एकदा पकडलं की पिळल्याशिवाय सोडायचं नाही. बाराही महिने अंगात एकच जाकीट आणि जाकिटाच्या खिशात ती डबी. ही डबी तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेली आहे. स्टीलची, चपटी, दोन्ही बाजूंनी झाकण. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. आबांनी दोन वर्षांपूर्वी तंबाखू सोडली आणि डबीत मीठ भरलं.

तेव्हापासून आबा जिथं जेवायला बसतील तिथं पहिला घास घ्यायच्या आधी डबी निघायची. चव बघायची वगैरे भानगड नाही. चिमूट ताटावर फिरायची, आणि वर निकाल ठरलेला, "चिमूटभर कमीच हाय."

माझ्या मुलीच्या लग्नात मी मोठ्या कौतुकानं आबांना व्याह्यांशेजारी बसवलं. ही माझी दुसरी चूक, पण ती आधी झाली. आबांनी डबी काढली. वरणावर चिमूट, बटाट्याच्या भाजीवर चिमूट, मठ्ठ्यात चिमूट, आणि शेवटी जिलबीवर. व्याह्यांचा हात तोंडाशी थांबला.

मी वाकून कानात म्हणालो, "आबा, जिलबी आहे ती!"

"दिसतंय की मला, मास्तर," आबा म्हणाले. "तरी बी चिमूटभर कमीच हाय."

व्याह्यांनी पुढं वर्षभर आमच्याकडचं गोड खाताना आधी वास घेऊन पाहिला.

सत्यनारायणाच्या शिऱ्यावर आबांनी मीठ टाकलं तेव्हा पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी डोळे मिटून घेतले. तेराव्याच्या जेवणातही आबांनी डबी काढली आणि गेलेल्या माणसाच्या मुलानं रडं थांबवून आचाऱ्याला झापलं. गल्लीत अशी एक बाई उरली नव्हती, जिच्या स्वयंपाकाला आबांनी कमीपणा आणला नाही. आमची सौ. म्हणायची, "आबांना जरूर बोलवा. पण त्यांच्या पानात नुसतं मीठच वाढते. वरून भाजी ते चिमूटभर घालून घेतील."

तरी बायका त्यांच्यावर फार वेळ रागावत नसत. कारण घरी जेवण झालं की आबा स्वतःचं ताट स्वतः उचलून आत नेऊन ठेवत. ही बातमी त्यांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, एकदा नळावर सांगितली आणि गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांचं नशीब फिरलं. "शेळके आबा बघा!" हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकतो.

माईंना मात्र डबीचं काहीच वाटत नसे. येसराची आमटी करावी तर माईंनी, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या आमटीवरही आबांची चिमूट पडायचीच. माई पदर तोंडाला लावून हसायच्या. "ह्यांना देवाच्या परसादात बी मीठ कमी लागतं. तिथं माझी काय कथा!"

तर एकदा आमच्या गल्लीतल्या देवळात ब्लडप्रेशर तपासायचं शिबिर झालं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मिठावर बोलल्या. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात जे काही मीठ जातं, ते सगळं मिळून एका चहाच्या चमच्यात मावलं पाहिजे. त्याच्यावर गेलं की प्रेशर वाढतं, हृदयाला आणि मूत्रपिंडाला ताण पडतो. इतकं मी लक्षपूर्वक ऐकलं. मग मागच्या दारी चिवडा आल्याचा वास आला, आणि भाषणाचा उरलेला अर्धा भाग माझ्याशिवाय झाला. तपासणीची रांगही चिवड्यामुळंच हुकली.

आबा शिबिराला आलेच नव्हते. "चालू मशीन खोलू नये," एवढंच म्हणाले.

पण माझ्या डोळ्यांपुढं ती डबी नाचायला लागली. हा माणूस माझ्या देखत स्वतःला चिमटी-चिमटीनं मारतोय आणि मी, विज्ञानाचा मास्तर, बघत बसलोय! मी उपदेश सुरू केला. रोज सकाळी ओट्यावर, चहात खारी बुडवून खात खात, मी आबांना सोडियम समजावून सांगायचो. "मला बघा. आयुष्यात कधी ताटात वरून मीठ घेतलं नाही!" खारीचा भुगा त्यांच्या जाकिटावर उडायचा. आबा तो शांतपणे झटकायचे.

"मास्तर," ते म्हणायचे, "तुमचं ऐकून ऐकून माझ्या चहाला बी चिमूटभर कमी वाटायलंय."

अशात सौ. बहिणीकडं जालन्याला गेली आणि माईंनी मला जेवायला बोलावलं. आबा हात धुवायला गेले, आणि पुढचं मी पहिल्याच ओळीत कबूल केलेलं आहे.

आबा आले. जाकीट घातलं, पाटावर बसले. माईंनी वांग्याची भाजी वाढली, आमटी वाढली, ज्वारीची भाकरी टाकली आणि पुढची थापायला वळल्या. आबांचा हात खिशात गेला. डावा खिसा. उजवा खिसा. पुन्हा डावा. मी कुणाचा तरी जीव वाचवल्यासारखा हसत होतो. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. राग नव्हता त्यात. कारखान्यात फिरत्या पट्ट्यात कुणाची बाही जाताना दिसावी, तसं ते बघत होते.

मी विजयानं पहिला घास घेतला.

भाजीत मीठ नव्हतं. कमी नव्हे. नव्हतंच. आमटीतही नव्हतं. आणि मी, गेले दोन महिने मिठाविरुद्ध ओरडणारा माणूस, मोठ्यांदा म्हणालो, "माई, मिठाचा डबा द्या हो इकडं. तुम्ही भाजीत मीठच विसरलात!"

माईंचा हात भाकरीवर थांबला.

"इसरले?" त्या म्हणाल्या. "टाकलं व्हतं की मी. टाकलं व्हतं ना, हो?"

त्यांनी आबांकडं असं पाहिलं, की आपण काय बोलून बसलो, ते माहीत नसतानाही मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"टाकलंय गं!" आबा गरजले. "झणझणीत मीठ हाय. मास्तरची जीभ मेलीया. तू भाकरी बघ, करपाया लागली."

माई तव्याकडं वळल्या. तेवढ्यात आबांनी डावा हात पाठीमागून माझ्याकडं केला. तळहात माझ्यासमोर, उघडा. वर्गात चोरलेली पेन्सिल परत मागताना मी असाच हात पुढं करायचो. मी डबी त्या हातावर ठेवली.

मग आबांनी भराभर सगळं पान तसंच, अळणीच संपवलं, ताट उचललं आणि आत नेलं. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. माई तव्याकडं तोंड करून होत्या. ताट ठेवता ठेवता आबांनी डबी उघडली, भाजीच्या पातेल्यात एक चिमूट, आमटीत एक चिमूट, पळीनं एक-एक वळसा. माईंची शेवटची भाकरी उतरेपर्यंत आबा तोंड धूत होते.

माईंनी पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. "हाय की मीठ," त्या हळूच म्हणाल्या. "मग मास्तर असं कसं म्हनले?"

पण त्यांच्या आवाजातली शंका मिटलेली नव्हती. त्या पुन्हा चाखत होत्या. पुन्हा.

ओट्यावर आल्यावर आबांनी मला डबी दाखवली. एक झाकण उघडलं. मीठ. उलटी करून दुसरं उघडलं. रिकामं. घासून लख्ख केलेलं.

"ही बाजू घरची. ही भाईरची."

"म्हणजे लग्नात? जिलबीवर?"

"रिकामी चिमूट. जिलबीवर मीठ टाकाया मी येडा हाय का?"

दोन वर्षं सगळी गल्ली हेच म्हणत होती.

"दोन वर्सं झाली," आबा समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत म्हणाले. "कधी टाकती, कधी इसरती. कधी दोनदा टाकती."

"दोनदा टाकलं की काय करता?"

"भाकरी जास्त खातो." मग डबीचं झाकण लावत म्हणाले, "पयल्यांदा मी सरळ बोललो. मीठ नाय म्हनलो. तर तीन दिवस बाई चुलीम्होरं गेली नाय. पोरगं पुन्याहून म्हनतंय, आईला आराम द्या, सैपाकाला बाई लावा. आरं, चुलीपासून उठवली तर ती बसंल कुठं? मग म्हनलं, खोट माझ्या जिभेला लावू. पर नुसत्या तिच्याच सैपाकाला नावं ठेवली तर तिला वहीम यील. म्हून साऱ्या गावाला नावं ठेवत हिंडतो. अन् आज तुम्ही, मास्तर, एका घासात दोन वर्सं धुऊन टाकली."

चार दिवस मी समोरच्या घराकडं मान वर करून पाहिलं नाही. सौ. जालन्याहून आली ती सांगायला लागली, "माईंना काय झालंय? वाटी घेऊन येतात आणि विचारतात, मीठ हाय का बघ गं. दोनदा आल्या आज."

प्रायश्चित्त म्हणून मी आबांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं. निदान तुमचं प्रेशर तरी तपासू, म्हटलं. आबांनी अट घातली, "आधी तुमचं मशीन खोला."

डॉक्टरीणबाईंनी आबांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "वयाच्या मानानं उत्तम." मग माझ्या दंडाला बांधला. आकडा पाहिला. पुन्हा बांधला. दुसऱ्या दंडाला बांधला. मग मला खुर्चीत नीट बसायला सांगितलं.

"काय काय खाता?"

"वरून मीठ अजिबात घेत नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"ते नाही विचारलं. सकाळपासून सांगा."

मी सांगत गेलो. चहाबरोबर चार खाऱ्या. पोह्यांवर शेव. जेवताना दोन पापड, लिंबाचं लोणचं, तोंडी लावायला ठेचा. दुपारी खारे शेंगदाणे. संध्याकाळी कचोरी, नाहीतर ब्रेडपकोडा. बेकरीवाले चाचा मला लांबूनच बघून हाक मारतात, "आओ सर, खारी अभी निकली!" हेसुद्धा सांगितलं, कारण आबा शेजारून कोपर मारत होते.

"आबांनी टाकलेली चिमूट निदान डोळ्यांना दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं मीठ आधीच आत बसून येतं. शिबिरात अर्धा तास हेच तर सांगत होते मी. इतकं खारट खाऊन जीभ बधिर होते माणसाची. घरचं साधं जेवण मग अळणीच लागणार."

आबा खुर्चीतून उठलेच. "बाई! हे जिभेचं कागदावर लिहून द्या. मराठीत. मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी माईंसमोर उभा राहिलो. शाळेत उशिरा आलेलं पोर चिठ्ठी घेऊन उभं राहतं, तसा. "माई, त्या दिवशी मीठ होतं. माझी जीभच कामातून गेलीय. बघा, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय."

माईंनी चष्मा लावून कागद वाचला. एकदा आबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग दोन ताटं वाढली.

मी घास घेतला. भाजी अळणी होती. माझ्या प्रेशरला अगदी हवी तशी. आबांनी स्वतःच्या ताटावर घरच्या बाजूची चिमूट फिरवली, डबी उलटी केली आणि बाहेरची बाजू उघडून माझ्यापुढं सरकवली. मी त्या लख्ख रिकाम्या बाजूतून चिमूट उचलली, भाजीवर फिरवली आणि म्हणालो, "चिमूटभर कमीच हाय."

त्या दिवसानंतर पहिल्यांदा माई पदर तोंडाला लावून हसल्या. भाकरीला पुन्हा हात घालत आबांना म्हणाल्या, "बघा की हो! मास्तरला अक्कल तर आधीच नव्हती, आता जीभ बी गेली."