बर्फात काळा कोट

आठल्ये काका गाडीत बसले की हीटर बंद करावा लागतो. वर खिडक्याही उघड्या ठेवायच्या. न्यूझीलंडचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर शून्याच्या खाली, पोर्टर्स पासचा घाट उतरून ख्राइस्टचर्चकडे निघालेली गाडी, आणि आत आम्ही दात वाजवत बसलेलो. कारण काय, तर काकांचा कॅमेरा दिवसभर बर्फात गार झालेला असतो. गार कॅमेरा एकदम उबेत आणला की त्याच्या भिंगावर दव धरतं.

"माणसाची सर्दी चार दिवसांत बरी होते, इंजिनिअरबाई," काका म्हणायचे. "भिंगाला बुरशी धरली की कायमची."

इंजिनिअरबाई म्हणजे मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कुणी अशी हाक मारली की मला अजून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? हे काकांनी पहिल्याच भेटीत हेरलं असावं. कारण त्याच भेटीत त्यांनी आमच्या हॉलमधला माझा पदवीदानाचा फोटो जवळ जाऊन बघितला आणि म्हणाले, "गाउन भाड्याचा दिसतोय. दोन इंच आखूड आहे. आणि वडिलांना हात कुठे ठेवायचे ते सांगितलं नाही कुणी. बिचारे वरातीतल्या बँडवाल्यासारखे उभे आहेत."

मला राग आला. दहा वर्षं मी तो फोटो अभिमानाने लावून ठेवलाय. पण त्या दिवसापासून मला त्यात आधी बाबांचे हातच दिसतात, हेही खरं.

काका मिरजेचे. चाळीस वर्षं स्टेशन रोडवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात आमच्या शेजारी त्यांची मुलगी मेधा राहते, तिच्याकडे ते सहा महिन्यांसाठी एकटेच आले होते. काकू मिरजेतच राहिल्या. गुडघे साथ देत नाहीत, एवढं लांबचं विमान झेपणार नाही, असं सगळ्यांना सांगितलेलं. मेधा आणि जावई दोघंही हॉस्पिटलात कामाला, त्यांना रविवार नसतो. मग हिवाळ्यातल्या रविवारी काकांना बर्फात घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

इथला हिवाळा म्हणजे तसा उदासच प्रकार. साडेपाचला अंधार, भिंतींना ओल, आठवडा आठवडा सूर्य नाही. मिरजेचा माणूस इथे आठ दिवसांत सुकेल असं मला वाटलं होतं. पण काकांनी बर्फ बघितला आणि म्हणाले, "अहो, केवढा हा पांढरा पडदा! स्टुडिओत मी असा पडदा लावायला जन्मभर धडपडलो."

बातमी पसरली. पुढच्या रविवारी आमच्या मागे तीन मराठी गाड्या. गावाकडे पाठवायला सगळ्यांनाच बर्फातला फॅमिली फोटो हवा असतो. काका कॅमेऱ्याची बॅटरी बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवत, कारण थंडीत ती लगेच मान टाकते. फोटोच्या वेळी ती काढून आत घालायची, की हुकूम सुरू.

"हनुवटी खाली. तुम्ही जरा बाजूला, पोट येतंय. श्वास धरा! धरा म्हणतो ना! वाफ येतेय तोंडातून, इस्त्रीवाल्यासारखी!"

एकदा एक गोरा गृहस्थ हाफ चड्डी आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बर्फातून आडवा आला. काकांनी त्यालाही मराठीत झापलं, "अहो, मरायचंय का? पायजमा घाला!" तो हसून "स्वीट ॲज, मेट", म्हणजे 'एकदम मजेत, मित्रा', म्हणाला आणि गेला. काका मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण ऐकत नाही."

फोटो झाला की तो सगळ्यांसमोर दाखवून निकाल द्यायचे. "यात तुमचे डोळे मिटलेत. वहिनी रागावलेल्या दिसतायत, घरी काही झालंय का?" फोटोच्या बाबतीत कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणं त्यांना जमायचंच नाही. "फोटोत आहे ते आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणखी एक खूळ म्हणजे काळा कोट. माझा काळा लोकरी कोट त्यांनी पहिल्याच फेरीला ताब्यात घेतला होता. फिक्या रंगाचं जॅकेट घालून कुणी आलं की त्याला तो कोट चढवायचे. एकाच कोटातले चार वेगवेगळे लोक त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या चार गावांत पोचले असतील.

पण काकांना खरा हवा होता तो एकच फोटो. नातीचा. इराचा. ऑगस्टअखेर त्यांचं परतीचं तिकीट होतं आणि त्याआधी बर्फात उभ्या असलेल्या इराचा एक फोटो त्यांना मिरजेला न्यायचा होता. आणि नेमकी तीच उभी राहत नव्हती.

दोष काकांचाच. आल्या आल्या, दारातच, त्यांनी पंधरा वर्षांच्या त्या पोरीवर कॅमेरा रोखला आणि म्हणाले, "ओठ मीट. दातांची तार दिसतेय." चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आले तसंच सांगितलं. तिने ओठ मिटले ते मिटलेच. त्यानंतर कॅमेरा दिसला की इरा खोलीत. मेधाच्या धाकाने ती दर रविवारी आमच्याबरोबर यायची, पण मागच्या सीटवर फोन घेऊन बसून राहायची.

काका काच वाजवायचे. "इरा, एकच."

"नो थँक्स, आजोबा."

"बरं," म्हणून ते परत फिरायचे. चालताना तेवढ्यापुरते म्हातारे दिसायचे.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. काकांचं विमान गुरुवारी. ढग खाली उतरलेले, बर्फ जुना, चिखलाने मळलेला. दुसरं कुणी आलंही नव्हतं. काकांनी काच वाजवली, उत्तर तेच आलं. आम्ही परत निघालो. हीटर बंद, खिडक्या उघड्या. माझी बोटं स्टिअरिंगवर बधिर झाली होती आणि कोट काकांच्या मांडीवर.

माझं डोकं फिरलं. "काका, निदान कोट तरी द्या हो! फोटो काढायचा नाही तर कोट कशाला धरून बसलात?"

त्यांनी कोट मुकाट्याने माझ्या खांद्यावर टाकला. मग समोर बघत म्हणाले, "हिला दिसत नाही हो आता फारसं."

"कुणाला?"

"आमच्या हिला. गुडघ्यांचं आपलं सांगायला. डोळे गेलेत. मधलं सगळं पुसट झालंय. पांढऱ्यावर काळं असलं, मोठं असलं, की आकार कळतो. डॉक्टर म्हणाले, तेही वर्षभर. मेधाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. इकडे बर्फ बघितला आणि वाटलं, यावर उभी केली तर पोरगी दिसेल तिला."

मी आरशात बघितलं. इराच्या कानात इअरफोन नव्हते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी मिसळून.

"बट आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते ना, मी टॉल झाले," ती म्हणाली.

"मी आधीच फोन करून सांगतो तिला," काका म्हणाले.

थोडं अंतर गेलं. मग मागून आवाज आला, "मावशी, स्टॉप द कार."

रस्त्याच्या कडेला एक उतार होता, त्यावर गुरांचा पाय न पडलेला बर्फ. इराने माझ्या खांद्यावरचा कोट ओढून घेतला, अंगात घातला आणि गुडघाभर बर्फातून चालत जाऊन उभी राहिली. काकांनी बंडीतली बॅटरी काढली. ती आत जाईना, शेवटी मी घातली. मी वाट बघत होते: आता हनुवटी, आता श्वास. काका एक शब्द बोलले नाहीत. एकदाच खटका वाजला.

"झालं," ते म्हणाले. परत येताना इराने स्वतःच खिडकी खाली केली.

तो फोटो आम्ही दरवाजाएवढा मोठा छापून आणला. गुंडाळी मांडीवर आडवी धरून काका विमानात बसले.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आधी माझी चौकशी, मग मिरजेतला पाऊस, मग उगाच इकडचं तिकडचं. शेवटी मीच विचारलं.

"गॅलरीत उजेडात बसवलं तिला," काका म्हणाले. "मी समोर फोटो धरून उभा राहिलो. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, अहो, किती गोड हसतेय पोरगी."

इरा त्या फोटोत हसत नाहीये. तोंड घट्ट मिटलेलं, नाक लाल, रडू आवरल्यासारखा चेहरा.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

पलीकडे रिक्षा गेल्याचा आवाज आला.

"म्हटलं, हो ना. हसणं तुझ्यावर गेलंय."