दोरीवर वाळणारे चेहरे

आमच्या घरमालकांच्या गच्चीत दोरीवर चेहरे वाळत असतात.

चेहरे म्हणजे फडकीच, पण प्रत्येकाला डोळ्यांपुरती दोन भोकं, नाकाशी एक चीर आणि तोंडाशी एक फट. एक पांढरं, एक फिकट हिरवं. संध्याकाळी वारा सुटला की ती फुगतात, वळतात आणि कामावरून परतणाऱ्या माणसाकडं वरून बघतात. पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, वर कोण राहतं? मीही विचारला होता. समोरचा इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला, "किसननाना. एकटेच असतात." मग कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाला, "म्हणजे आपल्याला दिसतात तेवढे तरी एकटेच."

मी घाबरलो नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील बीडच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे आणि सहीच्या जागी अंगठा द्यायचे. मी बी.ई. मेकॅनिकल, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. पार्टमध्ये जे दिसतं तेच रिपोर्टात लिहायचं, हे माझं काम. एवढं शिकून भुताला घाबरायचं तर शिकलो कशाला? फक्त गच्चीतले माझे कपडे मी दिवे लागायच्या आत काढून आणायला लागलो, एवढंच.

किसननाना इथल्या जुन्या शेतकरी घरातले. जिथं त्यांची ज्वारी डुलायची तिथं आता त्यांचीच इमारत उभी आहे. नानी मागंच वारल्या, मुलगा मारुंजीला राहतो. तरुणपणी नाना पैलवान होते. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, पंजा असा की माझा मोबाइल त्यांच्या हातात काडेपेटी वाटतो. अशा माणसाला मिशा पाहिजेत. नानांना नाहीत. साठी उलटल्यावर एका सकाळी त्यांनी त्या साफ काढून टाकल्या. पारावरच्या मंडळींना ते अजून पटलेलं नाही.

त्या देहावर तो चेहरा मात्र बसत नाही. गाल आणि नाक लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या, आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा सांभाळायला दिलाय आणि नाना तो जपून वापरतायत, असं वाटतं.

वापरतातही तसाच. तोंड धुण्याआधी बादलीत कोपर बुडवून पाणी बघतात, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघावं तसं. कढत नको, गारढोण नको. मग ओंजळभर पाणी नुसतं टेकवायचं. साबण नाही, चोळणं नाही. खांद्यावरचा पंचा पाठीसाठी, तोंडाला जुन्या धोतराचा मऊ तुकडा, तोही टेकवायचा आणि उचलायचा. उन्हाला छत्री. आणि सगळ्यावर एकच शब्द, "दमानं." गाडी मागं घेणाऱ्याला दमानं, जिन्यात पळणाऱ्या पोरांना दमानं, पार्लरमधून घासून-पुसून आलेल्या सुनेला तर हात जोडून, "बाई, दमानं!"

पुतण्याच्या हळदीला बायका पिवळे हात घेऊन पुढं झाल्या, तर नाना नवरदेवाच्या तोंडासमोर छत्री उघडून उभे राहिले.

"अंगाला लावा. तोंडाला त्याला इचारल्याबिगर न्हाई. तोंड हाय ते, परात न्हाई."

"नाना, लगीन तुमचं हाय का त्याचं?" नवरदेवाची आत्या खेकसली.

"माझं झालंय. तवा चार दिस तोंडाची आग व्हत व्हती. म्हणून तर उभा हाय."

मी हसलो होतो. मग माझी वेळ आली.

कंपनीत आमच्या शॉपमध्ये, मशिनींजवळ, हाताचं ग्रीस काढायला एक खरखरीत पेस्ट ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी मला चिंचवडला मुलगी बघायला जायचं होतं. शिफ्ट संपल्यावर आरशात बघितलं तर तोंड तेलकट, काळवंडलेलं. मी इंजिनिअरसारखा विचार केला. जी पेस्ट गिअरबॉक्सचं ग्रीस काढते, ती तोंडाचं तेल काढणार नाही? काढलं. तेलाबरोबर बरंच काही काढलं. कंपनीच्या बसमध्येच गाल तव्यासारखे तापले.

जिन्यात नाना भेटले.

"काय घासलं, इंजिनेर?"

"हात धुवायची पेस्ट."

"हात धुवायची. मंग हात धुवायचं हुतं की!"

"नाना, उद्या मुलगी बघायला जायचंय."

"ती तोंड बघणार हाय का बेरिंग?"

त्यांनी मला वर नेलं, गच्चीतल्या खाटेवर आडवं केलं. पेस्टचा कण राहू नये म्हणून बराच वेळ कोमट पाणी हळूहळू सोडत राहिले. मग पांढरं फडकं साध्या पाण्यात बुडवून, पिळून माझ्या तोंडावर ठेवलं. ज्या हातांनी माणसं आपटली, त्या हातांचं वजन मला जाणवलंसुद्धा नाही.

"लिंबू न्हाई, बेसन न्हाई, टूथपेस्ट तर न्हाईच न्हाई. आता त्याला एकलं सोड. दोन दिसांनी मेडिकलातनं बिनवासाचं साधं क्रीम आन. ते बी आधी कानामागं लाव, रातभर वाट बघ, मंग तोंडाला. फोड आलं तर सरळ डाक्टर. पडून ऱ्हा."

ते आत गेले. मी दोन भोकांतून आभाळ बघत पडलो. दिवेलागण होत होती. आग खरंच उतरत होती. आणि आतून आवाज आला.

"आलो, आलो. आता तुझं. हात नगं लावूस, खाजवू नगं. झालं गं, झालं."

मी विचारलं, "नाना, आत कोण आहे?"

"कोण न्हाई. तू पडून ऱ्हा."

मी उठलो. तोंडावरचं फडकं तसंच दाबून धरून दारातून डोकावलो. भिंतीवर जुना मोठा आरसा. आरशाच्या काचेला ते हिरवं फडकं ओलं चिकटवलेलं, आणि फडक्याच्या दोन भोकांतून दोन डोळे बघत होते. नाना त्या फडक्यावर बोटांची टोकं टेकवत होते, उचलत होते, टेकवत होते. "दमानं," ते काचेला म्हणाले.

ते डोळे नानांचेच होते, आरशातले. हे मला कळायला एक क्षण लागला. पण तेवढ्यात त्या हिरव्या चेहऱ्याच्या मागं एक पांढरा चेहरा उगवला, त्यालाही डोळ्यांची भोकं, आणि मी जी किंकाळी फोडली ती इस्त्रीवाल्याला ऐकू गेली. तो पांढरा चेहरा माझाच होता.

नाना वळले नाहीत. शांतपणे म्हणाले, "वरडू नगं. ती दचकती."

मुलीकडून नकार आला. पत्रिका जुळली नाही, असं मध्यस्थ म्हणाला. माझा चेहरा बघून तोही दमानंच बोलला.

त्यानंतर मी वर जाणं टाळलं. पण उन्हाळ्यात नाना जिन्यात भिंत चाचपत उतरताना दिसायला लागले. डोळे तांबारलेले, पापण्यांच्या कडांना खपल्या. मी सुट्टीच्या दिवशी त्यांना रिक्षात घातलं आणि चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

बाईंनी नीट तपासलं. "काळजी छान घेताय, आजोबा. पण हा जुना आजार आहे, पुष्कळदा घराण्यात चालत येतो. मुळासकट जात नाही, औषधानं लाली मात्र उतरते. आता डोळ्यांपर्यंत आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आजच दाखवा. अंगावर काढलंत तर नजरेवर बेतेल."

नानांनी एकच विचारलं. "लाली उतरंल म्हंजी समदी उतरंल?"

"बरीचशी."

बरं होणार हे ऐकून एवढा पडलेला चेहरा मी कुठल्या दवाखान्यात बघितलेला नाही.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं. पण डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि तोंडाची ट्यूब, दोन्ही नानांच्या कोनाड्यात बंदच्या बंद राहिली. फडकी मात्र रोज वाळत होती. एका संध्याकाळी जिन्याची पायरी चुकून नाना बसकण मारून खाली आले, तेव्हा माझा तोल सुटला.

"नाना, आंधळं व्हायचंय का? ट्यूब का लावत नाही?"

ते उठले. मला वर घेऊन गेले. आरशावरचं हिरवं फडकं त्यांनी कडेकडेनं सोडवलं.

"बघ. कोण दिसतंय?"

"तुम्ही."

"माझी आई हाय."

नानांनी काचेवर बोट टेकवलं.

"तिच्या तोंडाची बी अशीच आग व्हायची. कोण म्हणायचं राख चोळ, कोण म्हणायचं रुईचा चीक लाव. ती चोळायची. समदं गाव म्हणायचं, बाहेरचं हाय. मी आखाड्यातनं आलो का माझ्या तोंडाची माती ती लुगड्याच्या पदरानं टिपायची. अशी टिपायची का मला झोप लागायची. आन मी तिला काय म्हणलो? आखाड्यावर येत जाऊ नगं, पोरं हसत्यात." त्यांनी हिरवं फडकं मुठीत धरलं. ते त्या लुगड्याचंच होतं. "पुन्यांदा न्हाई आली. मी गदा मारली त्या दिशी बी न्हाई आली. तिच्या तोंडाला कुणी मायेनं हात लावला न्हाई. मी बी न्हाई. साठीला माझ्या तोंडावर ही लाली आली. वाटलं, वळखीचं हाय. मिशा काढल्या, तर तीच! आता आलीया तर तिची सेवा करतो. औषधानं लाली गेली तर ती बी जाईल, इंजिनेर."

मला सुचलं ते मी बोललो.

"नाना, ती आली ती आग घेऊनच आलीय ना? तिच्या वेळी औषध नव्हतं. आता कोनाड्यात आहे. आणि तुम्ही तिला जळत ठेवलंय, का, तर ती तुमच्याजवळ राहावी म्हणून."

नानांच्या तांबारलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. आजाराचं का दुसरं, ते मी सांगू शकत नाही.

"आन गेली तर?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, मग ट्यूब उघडली. आधी कणभर कानामागं लावलं. दुसऱ्या दिवशी आरशासमोर बसून म्हणाले, "आये, औषध लावतो गं. जायचं असंल तर जा. पर आग घिऊन जाऊ नगं."

डोळे निवळले. लाली हळूहळू ओसरली. नाना पायऱ्या न चाचपता उतरायला लागले, पण बोलेनासे झाले. हळूहळू "दमानं" ऐकू येईना. मग एका संध्याकाळी मी बसमधून उतरून वर बघितलं, तर दोरीवर पांढरं फडकं एकटंच. हिरवं नव्हतं.

मी जिना धावत चढलो.

नाना आरशासमोर बसले होते. आरसा उघडा. हिरवं फडकं घडी घालून मांडीवर. त्यांचा गाल आता नुसता गव्हाळ, नितळ.

"गेली का, नाना?" मी विचारलं. मी, बी.ई. मेकॅनिकल.

त्यांनी मान हलवली. "न्हाई रं. हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "निवलीया. अशी मी तिला कधी बघितलीच नव्हती. लई देखणी व्हती."

मी दारातूनच आरशात बघितलं. नाना गंभीर बसले होते, ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. मी क्वालिटीचा माणूस आहे, जे दिसतं तेच लिहितो. आरशातला चेहरा हसत होता.