आगाऊ निधन

नस्री मतरने स्वतःच्या मयताची तयारी एका मंगळवारी, दुपारचे जेवण आणि वामकुक्षी यांच्या मधल्या वेळात उरकायला घेतली. वय चौऱ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत, डावा गुडघा तेवढा कुरकुरत होता. पण आदल्याच आठवड्यात बाजूचा दुकानदार इलियास गेला होता, आणि आफ्रिकेतल्या आबिजानमध्ये मरून लेबनॉनमधल्या आपल्या गावी पुरले जाण्यात त्या बिचाऱ्याचे जे हाल झाले ते नस्रीने सविस्तर ऐकले होते. शवपेटी दोन दिवस भलत्याच विमानतळावर पडून राहिली. ते एक वेळ चालेल. पण निधनाच्या पत्रकात इलियासच्या दोन जावयांपैकी एकच छापला गेला, आणि राहिलेला जावई मयताला येऊनही पाठ करून उभा राहिला.

आमच्या लेबनॉनकडे माणूस मरतो तो भिंतीवर. डॉक्टरने सांगून भागत नाही. बेकरीच्या, चर्चच्या आणि खाटकाच्या भिंतीवर काळ्या चौकटीचे पत्रक लागले की मगच तो गेला असे धरतात. त्या पत्रकात बायको, मग मुलगे, मग मुली, मग भावंडे, मग व्याही अशी सगळी मंडळी ठरल्या क्रमाने उभी असतात. कोणाचे नाव वर गेले, कोणाचे खाली आले, कोणाचे गळले, हे लोक मेलेल्या माणसापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात.

पन्नास वर्षे कापड विकलेल्या नस्रीला एखादी गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय चैन पडत नसे. हे काम दुसऱ्यावर सोडणे त्याला शक्यच नव्हते. एकुलती एक मुलगी मॉन्ट्रियलला, तिला अरबी बोलता येई, लिहिता येत नसे. बायको लोदी हिला तर या विषयाचे गांभीर्यच नव्हते. "मी लिहीन, नस्री गेला, या आणि जेवा," ती म्हणाली. तेव्हा नस्रीने चष्मा पुसला आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पत्रक लिहून काढले. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली.

लोदीने ते वाचले, पुन्हा वाचले.

"आणि वदाद?"

"कोण वदाद?"

"तुझी बहीण."

"तिचं नाव तिनं स्वतः छापून घेतलंय एकदा. पुष्कळ झालं तेवढं."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नस्रीची आई गेली त्या दिवसांत आबिजानमध्ये गोळीबार चालू होता आणि विमानतळ बंद होता. नस्रीला जाता आले नाही. गावी आईजवळ राहिलेली वदाद, वयाने त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, लग्न न केलेली. तिने एकटीने सगळे पार पाडले आणि पत्रक छापले. त्यात तिने आधी स्वतःचे नाव घातले, आणि मग 'परदेशी असलेला मुलगा नस्री'. नस्रीने फोनवर तिला सुनावले, की मुलाचे नाव आधी येते, हे शेंबड्या पोरालाही कळते. वदाद म्हणाली, आधी यायचं होतं तर आधी यायचंस. दोघांनी एकदमच फोन ठेवला, आणि पहिल्यांदा कोणी उचलायचा यावर अकरा वर्षे गेली.

नस्रीला या गोष्टीचा त्रास होत नव्हता असे नाही. पण त्रास होणे वेगळे आणि माघार घेणे वेगळे, असे तो मानी.

गावात मन्सूर नावाचा छापखानेवाला होता. लग्नपत्रिका, निधनाची पत्रके, हॉल, खुर्च्या, घंटा वाजवणारा, स्वयंपाकी, सगळे तो एका हाती बघे. नस्रीचा फोन बटणांचा, म्हणून पत्रकाचा फोटो लोदीच्या फोनवरून गेला. गुडघा दुखत होता म्हणून पैसे भरायलाही लोदीच गेली, ते तिच्याच नावावरून गेले, पूर्ण, पाचशे खुर्च्या आणि जेवणासकट. सोबत नस्रीने लोदीच्या फोनवर सात मिनिटांचा निरोप बोलून ठेवला. त्याचा सारांश असा, की मन्सूर, मी अजून जिवंत आहे, हे सगळे वेळ येईल तेव्हासाठी आहे, आत्ता फक्त नमुना छापून दाखव, आणि माझ्या आजोबांच्या नावात एक अक्षर लोक नेहमी गाळतात ते गाळू नकोस.

मन्सूर हा सज्जन माणूस होता. सगळा घोटाळा त्याच्या सज्जनपणानेच झाला. त्याच्यापुढे काय आले, तर नस्री गेल्याचे पत्रक, त्याच्या बायकोने भरलेले पूर्ण पैसे, आणि त्याच बायकोच्या नंबरवरून आलेला सात मिनिटांचा आवाज. ते रडणे असणार, हे त्याने ओळखले. विधवेचे रडणे परक्या पुरुषाने कान देऊन ऐकू नये, म्हणून त्याने तो निरोप उघडलाच नाही. तारीख राहिली होती. दुःखात माणूस तारीख विसरतो, असे म्हणून ती त्याने स्वतःच घातली, मंगळवारची. मग लोदीला दोन ओळी पाठवल्या, की काही काळजी करू नका, सगळं व्यवस्थित होईल, देव तुम्हाला धीर देवो.

लोदीने लगेच उत्तर दिले, "आमेन. शेहेचाळीस वर्षं धीरावरच काढली आहेत."

काय खंबीर बाई आहे, मन्सूरला वाटले, आणि तो कामाला लागला.

गुरुवारी सकाळी नस्री दह्याचा गोळा, काकडी आणि ऑलिव्ह घेऊन न्याहारीला बसला होता. लोदीच्या फोनवर गावाकडून फोटो येऊ लागले. तिने एकदा फोनकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिले, आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. नस्रीने फोटो मोठा करून पत्रक वरपासून खालपर्यंत वाचले.

"आजोबांचं नाव बरोबर आलंय," तो समाधानाने म्हणाला. "कागदही चांगला वापरलाय."

"नस्री, हे बेकरीच्या भिंतीवर आहे."

"तारीख कोणी घातली?"

"तू मंगळवारी गेलास म्हणे," लोदी म्हणाली. "मग काल ती भरली वांगी कोणी संपवली ते मला सांग."

पुढच्या फोटोत भरलेला हॉल होता. चर्चची घंटा बुधवारीच वाजून झाली होती. पेटी आफ्रिकेतून यायला वेळ लागतो हे गावाला पाठ असल्यामुळे मयतावाचून कोणाचे काही अडले नव्हते. नस्रीने हॉलमध्ये कोण कोण दिसते ते बोट ठेवून मोजले. नगराध्यक्ष पुढच्या रांगेत होते. ज्यांच्याकडून येण्याची अजिबात अपेक्षा नव्हती असे दोघे चुलतभाऊ मान खाली घालून बसले होते. मरून एवढे बरे वाटेल अशी नस्रीला कल्पना नव्हती. लोदी मन्सूरला फोन लावत होती आणि तो लागत नव्हता, आणि नस्री म्हणत होता, थांब, घाई काय आहे, मागच्या रांगा अजून बघायच्या आहेत.

तिसऱ्या फोटोत दुसरेच पत्रक होते. पहिल्यापेक्षा मोठे, आणि नेमके त्याच्या शेजारी लावलेले. त्यात मजकूर तोच होता, फक्त मयताच्या नावाखाली, बायकोच्याही आधी, जाड अक्षरांत एकच ओळ वाढवली होती. त्याची बहीण, वदाद.

नस्रीचे समाधान पार उतरले. "बघ. माझ्या मरणातसुद्धा घुसली."

 तेवढ्यात घरातला जुना फोन वाजला. त्यावर हल्ली कोणीच फोन करत नसे. नस्रीने तो उचलला.

"लोदीला दे," पलीकडून एक म्हातारी म्हणाली.

 तो आवाज आईचा होता. मग त्याच्या ध्यानात आले, की अकरा वर्षांत बहिणीचा आवाज आईसारखा झाला आहे आणि हे आपल्याला माहीत नाही.

"मी नस्री बोलतोय," तो म्हणाला.



"कुठला नस्री?"

"तुझा भाऊ."

"माझा भाऊ मंगळवारी गेला. बेकरीच्या भिंतीवर आहे."

"वदाद, चूक झालीय."

"चूक तर झालीच आहे. माझं नाव नाही त्यात."

नस्रीने मग तिला सगळे सांगितले, इलियासच्या जावयापासून सात मिनिटांच्या निरोपापर्यंत.  शेवटी पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तू रडलीस?" त्याने विचारले.

"कालपासून. सगळ्या गावासमोर. तू कधी गाढवावरून पडलास, कधी आईनं तुला मार दिला आणि मी वाचवलं, सगळं सांगून रडले. आता त्याचं काय करायचं ते तू सांग."

"हॉलमध्ये जाऊन सांग, की मी जिवंत आहे."

"मी सांगायचं? ज्यानं माझं नाव घेतलं नाही, त्याचं नाव घेऊन मी पाचशे माणसांसमोर उभी राहू? मन्सूर सांगेल. त्यानंच मारलंय तुला." थोडे थांबून ती म्हणाली, "जेवण मात्र होणार. अकरा बकरे कापून झालेत."

"होऊ दे. आणि तू ते सुतकाचं काळं उतरवून टाक. माझ्यासाठी आता कशाला?"

"तुझ्यासाठी घातलेलं नाही," वदाद म्हणाली. "आईचंच आहे."

नस्रीला कळेना. "आईला जाऊन अकरा वर्षं झाली."

"मग? काळं आपलं आपण उतरवायचं असतं का? घरातला पुरुष दारात येतो, म्हणतो, बाई, बस झालं, उतरव. बाबांच्या वेळी काका आला होता. आईच्या वेळी कोणी आलंच नाही. मी कोणाची वाट बघायची? आपल्या घरात पुरुष म्हणून तूच एक उरलायस, आणि तू तर पत्रक छापून बसलायस."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. बिल सांगावे तसे सांगितले आणि फोन ठेवला. नस्री रिसीव्हर हातात धरून तसाच बसून राहिला. आपण क्रमाचा एवढा हट्ट धरला, आणि ज्या एका कामासाठी घरात पुरुष लागतो तेवढेच नेमके आपल्याकडून राहून गेले, याची त्याला लाज वाटली. फार लाज वाटली. लोदीने विचारले काय म्हणाली, तर तो म्हणाला, "माझी निळी बॅग कुठे आहे?"

त्याच दुपारी जेवणाच्या आधी मन्सूरने हॉलमध्ये उभे राहून कपाळ पुसत खरी हकीकत सांगितली. काहींना आनंद झाला, काहींना फसवल्यासारखे वाटले. दोघा चुलतभावांनी मान लगेच वर केली. पाद्रींनी शांतीची प्रार्थना तिथल्या तिथे दीर्घायुष्याच्या प्रार्थनेत बदलून घेतली, आणि मंडळी जेवली. जेवणाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. मन्सूरने लोदीला माफीचा लांबलचक निरोप पाठवला आणि शेवटी लिहिले, की नस्रीसाहेबांच्या पुढच्या वेळी छपाई फुकट.

सोमवारी दुपारी नस्री गावात टॅक्सीतून उतरला. बेकरीसमोर त्याला बघून दोन बायकांनी छातीवर क्रॉसची खूण केली. भिंतीवर दोन्ही पत्रके अजून शेजारी शेजारी होती. तो थांबला, वाचली, आणि चढण चढू लागला. गुडघा ठणकत होता. विमानात त्याने काय बोलायचे ते चार वेळा मनात मांडले होते, आणि घराच्या दारात पोचेपर्यंत त्यातले एकही वाक्य शिल्लक राहिले नव्हते.

वदादने दार उघडले. ती अंगाने लहान झाली होती. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळी, धुऊन धुऊन करडी पडत चाललेली काळी. तिने त्याला खालीवर पाहिले, पण बाजूला सरकली नाही.

"बस झालं," नस्री म्हणाला.  "उतरव आता ते."

"कोणाला सांगतोयस?"

"तुला."

"मला नाव आहे."

"वदाद, काळं उतरव."

"ऐकू कमी येतं मला हल्ली."

तिला चांगले ऐकू येत होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने बॅग खाली ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "वदाद, आईची थोरली, बस झालं. काळं उतरव."

वदादने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि त्याची घडी घालू लागली. घडी काही केल्या नीट बसत नव्हती. समोरच्या गच्चीवरून शेजारीण वाकून ओरडली, "वदाद, कोण आलंय गं?"

"माझा धाकटा आलाय," वदाद म्हणाली.

नस्रीने त्यात काही दुरुस्ती सुचवली नाही. बॅग उचलून तो तिच्या मागोमाग आत गेला.