हरलेल्याला पहिली भाकरी

वानखेडे काका कुणालाही भेटले की ‘कसा आहेस’ असं विचारत नाहीत. ‘विमा आहे ना?’ असं विचारतात.

मलाही त्यांनी हेच विचारलं होतं. जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकायला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. बुद्धपौर्णिमेला इथली मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमणार असल्याचं कळलं म्हणून मी गेलो. कुणाशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून भिंतीला टेकून उभा होतो. एक टक्कल पडलेले, उंच गृहस्थ खिरीची वाटी घेऊन थेट माझ्यापाशी आले. वाटी हातात देण्याआधी त्यांनी विचारलं, “विमा आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

“गेनाऊ! अगदी बरोबर! मग खा.”

काका इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. दिवसभर गाड्यांचे दोष शोधतात आणि उरलेल्या वेळात अमेरिकेचे. तिथली अध्यक्षपदाची निवडणूक हा त्यांचा घरचा विषय आहे. मतदानाचा हक्क त्यांना तिथेही नाही आणि इथेही नाही. त्यातही त्यांना एकाच मुद्द्यात रस : प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यायला सरकारनं भाग पाडावं की नाही? तिथे एका अध्यक्षाच्या काळात ही सक्ती आली आणि दुसऱ्याच्या काळात विमा न घेणाऱ्याला होणारा दंड गेला. कोणत्या उमेदवारानं यावर काय म्हटलं आणि पुढे काय फिरवलं, ते काकांना तोंडपाठ असतं.

“आल्झो, म्हणजे मुद्दा असा,” ते बोट वर करून म्हणतात, “सक्ती म्हणजे माया.”

“अहो, माया नाही, कटकट म्हणतात तिला,” काकू आतून म्हणतात.

दर शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात अध्यक्षीय वादसभा होते. दोन स्टुलं समोरासमोर, माइक म्हणून वरणाचा डाव, आणि काकू सूत्रधार. त्यांच्या हातात अंडी उकडायचा टायमर असतो. सक्तीच्या बाजूनं काका आणि विरोधात मी. माझं मत कुणी विचारलं नाही. काका मला नावानं हाक मारत नाहीत, ‘उमेदवार’ म्हणतात. माझी वाक्यंही त्यांनीच पाठ करून घेतली आहेत : “मी धडधाकट आहे. मला काही होत नाही. सरकारनं माझ्या तब्येतीत नाक खुपसू नये. गरज लागेल तेव्हा माझं मी बघून घेईन.”

“असं पुस्तकी नको,” ते मला सुधारतात. “जरा चिडून म्हण. खांदे उडव.”

मग काका उठतात, कुकरकडे बघून ‘माझ्या देशबांधवांनो’ अशी सुरुवात करतात आणि टायमर वाजला तरी थांबत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई झाडूनं छत ठोकतात. काका त्याला ‘विरोधकांची घोषणाबाजी’ म्हणतात. मी दर वेळी हरतो. पण त्या घरचा नियम असा, की हरलेल्याला पहिली भाकरी. ज्वारीची, तव्यावरून थेट ताटात, आणि थापतात स्वतः काका. खरं सांगायचं तर मी वाद घालायला जातच नव्हतो. त्या भाकरीसाठी जात होतो.

आता मला जे सांगायचंय ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझे वडील शिलाईकाम करतात. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. आमच्याकडे पोटात दुखलं की आधी ओवा, मग गरम पाण्याची पिशवी, मग गप्प पडून राहणं. दवाखाना सगळ्यात शेवटी. आणि विमा म्हणजे माणूस गेल्यावर मागच्यांना काहीतरी मिळतं तो, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे विद्यापीठात प्रवेश घेताना विम्याचं कार्ड लागलं, ते मी काढलं. पण ग्रंथालयाच्या कार्डासारखं तेही प्रवेशापुरतंच असावं, असं मी धरून चाललो होतो. इतके शनिवार त्या वादात बसूनही ते कार्ड जिवंतपणी वापरायचं असतं हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या शनिवारी मी गेलो तेव्हा पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं. ओवा खाऊन झाला होता. वादसभा सुरू झाली. माझी पाळी आली. मी डाव हातात घेतला.

“मी धडधाकट आहे,” मी म्हणालो. “मला काही होत नाही.”

काका माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात मी उजव्या कुशीत दाबून धरला होता.

“परत म्हण.”

“मला काही होत...”

“घाम कसला आलाय तुला?”

“काही नाही काका. गरज लागली तर बघतो मी.”

मला वाटलं, आता भाषण. पण काकांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला, गॅस बंद केला आणि म्हणाले, “वाद स्थगित. कार्ड खिशात आहे?” मग त्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईंनी माझं कार्ड यंत्रात घातलं, परत दिलं आणि मला आत पाठवलं. बस, एवढंच. मी वळून काकांकडे बघितलं, “झालं?”

“झालं,” काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

अपेंडिक्स होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बरं झालं वेळेवर आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकू पेज घेऊन आल्या. काका गाडी लावायला गेले होते. काकू म्हणाल्या, “तू पाठ केलेली वाक्यं कुणाची आहेत, ठाऊक आहे?”

ती काकांच्या धाकट्या भावाची होती. सुधीरची. तो ओहायोत असतो. नोकरी सोडून त्यानं छपाईचं दुकान काढलं, तेव्हा कंपनीचा विमा गेला. दंड उठल्यावर त्यानं स्वतःचाही घेतला नाही. काका दर रविवारी फोन करून एकच प्रश्न विचारायचे. शेवटी तो म्हणाला, “दादा, तू भाऊ आहेस की अध्यक्ष?” त्यानंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

“म्हणून हे बातम्या बघतात,” काकू म्हणाल्या. “तिथे काय ठरलं, त्यावरून त्याच्या घरचा अंदाज बांधतात. दुसरी काही खबरच नाही ना.”

एवढ्यात काका आले. माझी चादर सारखी करत राहिले. मला आभार मानायचे होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

“काका, तुम्ही काल मला काहीच पटवून दिलं नाहीत. नुसती गाडी काढलीत.”

काकांनी चादर सोडली आणि खिशातला फोन चाचपला.

मी बरा झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या स्टुलावर पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. काकांनी भावाला निरोप पाठवला होता : वाद नाही, नुसतं भेटू. रिंग जात होती. काकू टायमर मुठीत धरून उभ्या होत्या.

पडद्यावर काकांसारखंच टक्कल आलं.

“बोल दादा,” आवाज सावध होता.

काकांनी सवयीनं बोट वर केलं. तोंड उघडलं. मग बोट हळूहळू खाली आलं.

“दुकान कसं चाललंय रे?”

सुधीर पडद्यातून काकूंकडे वळला. “वहिनी, ह्याची तब्येत बरी आहे ना?”

काकू हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग दुकान निघालं, तिथला बर्फ निघाला, लहानपणीची एकच सायकल निघाली. खालच्या आजीबाईंनी दोनदा छत ठोकलं. निरोप घेताना सुधीर म्हणाला, “तू विचारलं नाहीस. घेतलाय की नाही ते सांगू?”

काकांनी ओठ घट्ट मिटले. ते किती अवघड गेलं असेल, ते मी समोरून बघत होतो.

“आज नको,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी सांग.”

फोन ठेवून काकांनी परात ओढली. पहिली भाकरी टम्म फुगली. मी सवयीनं ताट पुढे केलं.

काकांनी ते बाजूला सारलं आणि भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.