बाबा माइकवर काय बोलले

माणूस नश्वर आहे, परंतु माहिती अमर आहे, अशी दादाची श्रद्धा होती. हा विचार त्याने फार पूर्वी एका निबंधात मांडला आणि तो निबंध एका डिस्कवर उतरवून ठेवला. ती डिस्क उघडत नव्हती.

तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती तिच्या शेजारच्या डिस्कची. दादा विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात होता आणि घरालाही त्याने तीच शिस्त लावली होती, त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नाचं चित्रीकरण त्याच्याकडेच असणार हे उघड होतं. बाबा गेल्यावर धाकटीने वाटणीत काही मागितलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. लग्न आटोपून ती सासरी निघाली तेव्हा गाडीच्या काचा वर होत्या, आणि जन्मात कधी चार माणसांसमोर तोंड न उघडलेल्या बाबांनी हॉलच्या दारात माइक हातात घेतलेला तिने पाहिला. ओठ हलताना दिसले, शब्द पोचले नाहीत. पुढे तिने कितीदा विचारलं, पण बाबा "काही नाही गं" म्हणून पेपर तोंडासमोर धरायचे.

"दादा, बाबा काय बोलले ते मला ऐकायचंय," ती म्हणाली. "तुझ्याकडे असेलच."

त्या "असेलच"ने दादाची झोप उडाली.

नातेवाइकांना विचारून झालं होतं. मावशीच्या म्हणण्यानुसार बाबांनी सगळ्या हॉलला रडवलं होतं. काय बोलून, ते मात्र रडण्याच्या नादात तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. चुलतकाकांना त्यात एक कविता होती असं आठवत होतं आणि ती ते दर खेपेला वेगळी म्हणून दाखवत. मेहुण्याची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, तर खात्रीच होती की ते सगळं भाषण जावयाच्या कौतुकाचं होतं.

दादाने डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटरने थोडा विचार केला आणि डिस्क कोरी असल्याचं सांगितलं. दादाने ती चष्म्याच्या फडक्याने पुसली, साबणाच्या पाण्याने धुतली, टूथपेस्ट लावून चोळली. कॉम्प्युटर आपल्या मतावर ठाम राहिला. ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावरच्या यंत्रात ती फिरून आली आणि वरपक्षाला मुलगी पसंत न पडावी तशी नाकं मुरडून परत पाठवली गेली.

"ही बर्न केलेली डिस्क आहे," दादाने वहिनीला समजावलं.

"म्हणजे जाळलेली ना? आधी जाळायची आणि मग वाचत बसायचं. असं कुठे असतं का?"

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. दादाचं कौतुक करायचं ते याचसाठी. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्याने जगभरच्या हताश लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं, आणि एका दुपारी घास हातात तसाच धरून तो उठून उभा राहिला. डिस्क बिघडलेलीच नव्हती. ती उघडी राहिली होती.

डिस्क लिहून झाली की शेवटी ती "बंद" करायची असते, मग ती कुठेही चालते. दादाने केली नव्हती. सबंध लग्न मावूनही तिच्यावर थोडी जागा उरत होती, आणि उरलेली जागा बंद करून टाकणं त्या घराण्याच्या रक्तात नव्हतं. बाबा पाकिटाच्या आतल्या बाजूलासुद्धा हिशेब करत. पुढेमागे बारसं येईल, तेही त्यातच बसेल, असा दादाचा दूरदर्शी विचार होता.

"तरीच," वहिनी म्हणाली. "आपल्या लग्नाच्या अल्बमची शेवटची दोन पानं अजून कोरीच आहेत. कोणाचं यायचं राहिलंय?"

उघडी डिस्क बहुधा एकाच यंत्राला वाचता येते: ज्याने ती लिहिली त्याला. डॉक्टरचं अक्षर त्याच्या दवाखान्याखालच्या औषधवाल्यालाच लागावं, तसं. तेव्हा आता तो जुना कॉम्प्युटर शोधणं आलं. तो दादाने मोठ्या मनाने मेहुण्याला दिला होता, आणि मेहुण्याने तो आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली ठेवला होता.

"तो काढला तर टेबल डुगडुगेल," मेहुणा म्हणाला.

"मग तुम्ही धरा ना," धाकटी म्हणाली. मेहुण्याने टेबल धरलं.

त्यानंतर दादाने जे केलं त्याला तोड नाही. ड्राइव्हचा कप्पा अडकला होता. त्याने बारक्या छिद्रात सेफ्टी पिन घालून तो बाहेर काढला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता; वहिनीच्या केसांचं रबर कापून, ओवून, नवा पट्टा केला. एवढं करूनही ड्राइव्ह आडवा चालेना, तेव्हा त्याने यंत्र कुशीवर निजवलं, वर हात ठेवला आणि आजारी माणसाजवळ बसावं तसा बसून राहिला. आतून घरघर आली. मग पडद्यावर रांगेने फाइली उमटल्या. टेबलावरून उचललेले गिऱ्हाइकांचे कोट हातात घेतलेली वहिनी नुसती बघत राहिली. लग्नानंतर प्रथमच तिला या माणसाला नावं ठेवायला जागा सापडेना.

"दादा, हे तूच करू जाणे," धाकटी म्हणाली. तिने स्टूल पडद्याजवळ ओढलं.

चित्र सुरू झालं. हॉलचं दार, गर्दी, काच वर केलेली गाडी. बाबा पुढे आले, माइक घेतला, दोनदा त्यावर टिचकी मारली. 

"पांढरी गाडी कोणाची आहे, कृपया काढून घ्यावी," बाबा म्हणाले. मग चष्मा वर सरकवून नंबर वाचला. गर्दीतून कोणी हललं नाही, म्हणून पुन्हा वाचला. "मुलीची गाडी अडलीय हो. तिला उशीर होतोय."

"यात मी कुठे आहे?" मेहुण्याने टेबलाखालून विचारलं.

धाकटीने तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला. मग आणखी एकदा. "आवाज अगदी तसाच आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "मुलीची म्हणताना जरा अडखळलेत, बघ."

तिसऱ्या खेपेला तिने चित्र पुढे चालू दिलं. हातरुमालाने तोंड पुसत, खिशात किल्ली चाचपत, एक सडपातळ तरुण जेवणाच्या बाजूने धावत आला.

पांढरी गाडी दादाची होती.