गेलेल्या दातांची अपॉइंटमेंट

उमरग्यात डॉक्टर गौरीशंकर यांच्या दातांच्या दवाखान्यातला संगणक सकाळीच जळाला, तेव्हा काउंटर सांभाळणारी फरहाना मनातून थोडी खूशच झाली. दवाखान्याची सगळी माहिती इंटरनेटवरून लांबच्या सर्व्हरवर रोज साठवणारी सेवा तिनेच डॉक्टरांच्या गळी उतरवली होती. संगणक जळो की चोरीला जावो, दवाखाना होता तसा उभा राहील, असं ती छातीठोकपणे सांगायची. डॉक्टरांचा त्यावर तसूभर विश्वास नव्हता.

तिने लॅपटॉप उघडला. बाहेर पेशंट कण्हत होते, आत डॉक्टर तिच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत 'झालं का?' विचारत होते. त्या घाईत कालच्याऐवजी मागल्या वर्षीची प्रत खाली उतरली. नावांनी पडदा भरला.

"झालं, सर," फरहाना म्हणाली.

खरं तर तिथून सुरुवात झाली. तारखा उलटून गेलेल्या पाहून सॉफ्टवेअरला वाटलं, एवढ्या लोकांना आठवण करून द्यायची राहूनच गेली. त्याने एका दमात सगळ्यांना मेसेज धाडले.

पहिले आले बलभीम. ट्रकवाले, आवाज हायवेवरचा. दाराशीच उभे राहून म्हणाले, "दाढ काढायला या म्हनताव. ती तर तुमीच काढली मागल्या साली. आता कुठली काढताव?"

पाठोपाठ करिश्माची आई आली. पोरीच्या दातांची तार कधीच निघाली होती, लग्नही झालं होतं. पण सासरपासून लपवलेल्या, पुढे आलेल्या दातांचा मेसेज पोरीच्या फोनवर नेमका सासूने वाचला. 'आधीचा मेसेज चुकून गेला, क्षमस्व' असं फरहानाने घाईघाईने सगळ्यांना कळवलं. ते ज्यांना आधीचा मेसेज मिळालाच नव्हता त्यांनाही गेलं. मग तेही आले, कुठला मेसेज म्हणून विचारायला. दवाखान्यात उभं राहायला जागा उरली नाही. नोकरी गेलीच, असं धरून ती कालची प्रत शोधत राहिली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लक्ष्मम्मा काउंटरपाशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक कवळी पुढे ठेवली.

"मालकांच्या नावानं मेसेज आला. कवळी घासायला घिऊन या म्हनून."

"आजोबा न्हाय आले?" फरहानाने विचारलं.

"ते दिवाळीलाच गेले की, बाई. कवळी तेवढी आनली."

फरहाना माफी मागायला उठून उभी राहिली. लक्ष्मम्माच पुढे म्हणाल्या, "डावीकडं लई टोचायची त्येन्ला. जेवताना रोज माझ्यावर चिडायचे. म्या म्हनायची, चला डाक्टरकडं. उद्या जाऊ, उद्या जाऊ, म्हनत ऱ्हायले."

डॉक्टरांनी कवळी उचलली. ती आता घासून काय उपयोग, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्चीवर बसून त्यांनी मशीन लावलं आणि डावी कड हलक्या हाताने घासून गुळगुळीत केली.

लक्ष्मम्मांनी त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. "आता न्हाय टोचत," म्हणाल्या, आणि कवळी पदरात बांधून निघाल्या. लोकांनी सरकून वाट दिली.

मग बलभीमांनी घसा खाकरला, चपला काढल्या, कुणी न सांगता पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "डाक्टरसाहेब, शेजारची दाढ बी दुखतीया. उद्या उद्या करत ऱ्हायलो व्हतो."